फ्रीजमधली थंडाई

माझी फ्रीजची गोष्ट तुम्ही कुठेतरी ऐकली असेल. लग्नाची पंगत उठल्यावर, बारशाच्या मांडवात, गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद येईपर्यंतच्या रिकाम्या वेळात कुणीतरी हाक मारतंच. “शंकरराव, ते इन्स्पेक्टरचं होऊन जाऊ दे की.” मी आधी नको-नको म्हणतो, घसा बसलाय म्हणतो, मग खुर्ची ओढून मधोमध बसतो. ते नको-नकोसुद्धा गोष्टीतच धरलेलं असतं, हे आता सगळ्यांना कळून चुकलंय.

ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की कुठल्या शब्दावर हशा येणार, कुठे थांबून पाणी मागायचं, सगळं पाठ आहे. आणि तरीही — ती मी कुणालाच सांगितलेली नाही. पुरी नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही. तुम्हाला मी पाहिलेलं नाही, पण जरा जवळ सरकून बसा. मोठ्यानं सांगण्यासारखं हे नाही.

आधी नेहमीची सांगतो. एकदम मुद्द्यावर का येत नाही? येतो. पण मला त्या मुद्द्याकडे जाणारी ही एकच वाट ठाऊक आहे, आणि तिच्यावर हसू सांडलेलं आहे, त्याला माझा इलाज नाही.

सत्तर-बाहत्तरचा सुमार. कोल्हापुरात एका तालमीला लागून असलेल्या औषधाच्या दुकानात मी गल्ल्यापुढे उभा असायचो. मालकांचं गुऱ्हाळ होतं, शेती होती. ते संध्याकाळी येऊन टेकायचे. दिवसभर दुकान म्हणजे मी. आणि दुकानात होता एक फ्रीज. पांढरा, गोल खांद्यांचा, दार लावलं की अख्खा थरथरणारा. आमच्या गल्लीत तेव्हा दुसरा फ्रीज नव्हता. त्यामुळे तो नावाला औषधांचा, खरा गल्लीचा. कुणाचा खरवस, कुणाच्या हळदीचे गजरे, कुणाच्या पाहुण्यांसाठी सरबत. मला ‘नाही’ म्हणता यायचं नाही. खोटं कशाला बोलू — नाही म्हणायचंच नसायचं. नवरीचे गजरे ज्याच्याकडे ठेवायला येतात त्या माणसाला गल्लीत काय मान असतो, तुम्हाला कल्पना नाही.

एका चैत्रात तालमीचे वस्ताद आले. दारात उभे राहिले की दुकानात अंधार पडायचा, असा माणूस. म्हणाले, “शंकरराव, पोरं लई तापल्यात. थंडाईत बर्फ घातला की घसं धरायला लागल्यात. तुमच्या कपाटात घटकाभर कळशी ऱ्हाऊ दे.”

तर त्या दिवसापासून रोज दुपारी तालमीची थंडाई फ्रीजमध्ये. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, दूध — पितळेची कळशी, तोंडाला पांढरं फडकं. मग एका दुपारी तो इन्स्पेक्टर आला. औषधांच्या दुकानांची तपासणी करणारा सरकारी माणूस. किडकिडीत, जाड चष्मा, काखेत चामड्याची बॅग. सकाळी हातकणंगल्याची दुकानं तपासून उन्हातनं आलेला. आल्या-आल्या म्हणाला, फ्रीज उघडा. उघडला. आत कळशी.

“हे काय आहे?”

“टॉनिक, साहेब.”

“लेबल कुठं आहे?”

“लेबल शेजारी जोर काढतंय.”

इथे पहिला हशा. मग मी वस्तादांना हाक मारतो, ते दारातून वाकून आत येतात, इन्स्पेक्टर चष्मा पुसतो. मी उकाडा दाखवायला टोपी काढतो, फ्रीजवर ठेवतो, वारा घेतो. मग वस्ताद म्हणतात, “पावणं, आधी घोटभर घ्या, मग काय ते लिवा.” इन्स्पेक्टर नको म्हणतो. मग घोट घेतो. मग पेला संपवतो. मग दुसरा मागतो. मिशी पांढरी करून, ढेकर देऊन, “दुकान व्यवस्थित आहे” असं म्हणून तो निघतो. मी त्याचं चालणं करून दाखवतो, बायका पदर तोंडाला लावतात, लहान पोरं जमिनीवर लोळतात.

झाली गोष्ट.

आता मला विचारा — तो इन्स्पेक्टर त्याच दुपारी का आला होता? इतक्या वर्षांत हे कुणी विचारलेलं नाही. हसणाऱ्या माणसाला असले प्रश्न पडत नाहीत. माझी भिस्त त्यावरच होती.

आमच्या दुकानाजवळ एका डॉक्टरीण बाईंचा दवाखाना होता. मूल होत नाही म्हणून येणाऱ्या बायकांना त्या तपासायच्या. त्या काळात नवीन इंजेक्शनं आली होती — अंगातल्या ज्या रसामुळे बीज तयार होतं, तो रस बाहेरून द्यायची. बाई ती फार जपून लिहून द्यायच्या. आमच्या दुकानाशिवाय जवळपास कुणी ती ठेवतही नसे. कंपनीच्या माणसानं मला सांगितलं होतं की परदेशातल्या वय झालेल्या बायकांच्या लघवीतून हे औषध काढतात. आता असली माहिती माझ्यासारख्याच्या हातात आल्यावर काय होणार? मी ती गल्लीभर, कानात सांगितल्यासारखी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत सुटलो. पण त्यानं आणखी एक सांगितलं होतं, ते मी कुणाला सांगितलं नाही, कारण त्यात गंमत नव्हती. हे थंडच ठेवायचं. उष्णतेत त्याचा जोर जातो. बाहेरून काही दिसत नाही — कुपीतली पांढरी पूड तशीच दिसते, पाण्यात तशीच विरघळते. फक्त त्यात काही उरलेलं नसतं, किंवा थोडं उरलेलं असतं, आणि किती उरलंय ते कुणालाच सांगता येत नाही.

खोक्यावरही छापलेलं होतं. मी वाचलं होतं. मला वाचता येत नव्हतं, असं नाही.

कळशी आत बसायची तर मधली जाळी काढावी लागे. जाळीवर या इंजेक्शनांचा लांबट खोका असे. मधुमेहाचं औषध मी दारातल्या कप्प्यात हलवलं, कारण ते न्यायला रोज कुणीतरी यायचं आणि बोंब झाली असती. हा खोका — याला गिऱ्हाईक क्वचित. तो मी फ्रीजच्या डोक्यावर ठेवला. दुकानाला पत्रा. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली हात वर केला तरी झळ लागायची. आणि फ्रीजचं डोकं म्हणजे — हिवाळ्यात आमचं मांजर ऊब घ्यायला तिथेच जाऊन झोपायचं. मला ठाऊक होतं ती जागा कशी आहे.

सुरुवातीला कळशी गेली की संध्याकाळी खोका परत आत ठेवायचो. मग कधी ठेवायचो, कधी राहायचा. मग राहायचाच. का? कशाला कारण शोधू? हात वर करून खोका काढायचा, जाळी परत बसवायची — कंटाळा. एवढंच.

आणि आता शमशादवहिनी. गोष्टीत मी त्यांचं नाव कधीच घेत नाही.

दस्तगीर गडमुडशिंगीचा, राहायलाही तिथेच. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. कमी बोलणारा, चेन चढवताना जीभ बाहेर काढणारा माणूस. शमशाद त्याची बायको. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. दर्गे झाले, देवीच्या पायऱ्याही झाल्या. शेवटी या डॉक्टरीण बाईंनी तपासून सांगितलं की हिच्यात दोष मोठा नाही, बीज आपणहून तयार होत नाही एवढंच, ही इंजेक्शनं लागू पडतील. दस्तगीर त्या दिवशी दुकानात येऊन नुसताच उभा राहिला. “बाई म्हणाल्या, हुतंय म्हणून,” एवढंच बोलला. मी त्याला पेढे मागितले. तो लाजला.

बाईंनी त्याला बजावलं होतं की औषध गार राहिलं पाहिजे. गावातली नर्सबाई रोज इंजेक्शन द्यायची आणि एक दिवसाआड शमशाद इकडे तपासायला यायची. घरात फ्रीज कुठला? म्हणून दस्तगीरनं एक रुंद तोंडाचा थर्मास मिळवला. रोज दुकान बंद केलं की बर्फाच्या कारखान्यावर जायचा, थर्मासमध्ये बर्फ भरायचा, मग माझ्याकडे यायचा. मी त्याला त्या दिवसाच्या कुप्या द्यायचो. त्या तो स्वच्छ फडक्यात गुंडाळायचा, लाकडी डबीत ठेवायचा, डबी बर्फात खोचायचा, झाकण घट्ट फिरवायचा, थर्मास टॉवेलात बांधून सायकलीच्या दांड्याला लटकवायचा आणि वर म्हणायचा, “लवकर जातो, वितळाय नगं.”

आता ऐका. त्या कुप्या मी त्याला कुठून काढून देत होतो?

हातात घेतल्यावर त्या कोमट लागायच्या. मी फ्रीजचं दार उघडायचो, आत हात घालायचो — पाठ त्याच्याकडे — आणि दुसऱ्या हातानं वरचा खोका चाचपायचो. मग दार लावायचो. नाटकात काम केलेल्या माणसाला हे अवघड नसतं. कुप्या मूठ मिटूनच मी त्याच्या फडक्यात सोडायचो, म्हणजे त्याच्या बोटांना त्या लागू नयेत. आणि तो माणूस बर्फ चेपून-चेपून त्या जपून न्यायचा. मला त्या वेळी वाईट वाटलं का? खरं सांगू? मला वाटलं, बरं झालं, आता बर्फात गेल्या, होतील गार.

पहिला पाळा, म्हणजे त्या महिन्याची सगळी इंजेक्शनं, फुकट गेला. बाईंना काहीच फरक दिसला नाही. आणखी दोघींचंही तसंच झालं. त्यातली एक गगनबावड्याकडची होती. तिचं नाव मला आठवत नाही, परत आली नाही ती. बाईंना शंका आली, माणसांची नव्हे, औषधाची. त्यांनी औषधांवर देखरेख करणाऱ्या कचेरीला कळवलं की ही इंजेक्शनं दुकानांत कशी ठेवतात ते पाहावं. म्हणून तो इन्स्पेक्टर आला. हसण्यासारखं त्याच्यात काहीही नव्हतं. उन्हातान्हात फिरून आपलं काम चोख करणारा माणूस होता तो.

त्यानं कळशी पाहिली आणि लगेच विचारलं, “त्या इंजेक्शनांचा साठा कुठं आहे?”

शमशादचा दुसरा पाळा तेव्हा चालू होता. खोका फ्रीजवरच होता, त्याच्या डोळ्यांपासून हातभर वर. माझी टोपी तेव्हा काढली गेली. उकाड्यानं नव्हे. ती मी खोक्यावर ठेवली, नीट झाकेल अशी, आणि कपाळ पुसलं. मग म्हणालो, “संपला, साहेब. नवा माल यायचा आहे. माल असला की मधल्या जाळीवर त्याच्याशिवाय दुसरं काही ठेवत नाही. आज जागा मोकळी म्हणून शेजाऱ्यांची कळशी.”

किती चांगलं खोटं होतं, बघा. कळशीच माझ्या बाजूनं साक्ष द्यायला लागली. इन्स्पेक्टरला दुकानातून नमुना न्यायचा होता. माल नाही म्हटल्यावर नमुना कसला? वस्ताद आले, त्यांना बिचाऱ्यांना यातलं काही माहीत नव्हतं, त्यांनी पेला पुढे केला. तो माणूस तहानलेला होता. प्याला. दुसरा पेला त्यानं मागितला नव्हता, तो मीच ओतला. मिशीही नव्हती त्याला. मिशी मी नंतर लावली.

आणि त्यानं बाईंना कळवलं: औषधं ठेवण्यात दोष आढळला नाही.

त्याच दिवशी दिवेलागणीला दस्तगीर थर्मास घेऊन आला. आता तरी? इन्स्पेक्टर येऊन गेला होता, टोपी अजून तिथेच होती. मला एवढंच म्हणायचं होतं — दस्तगीर, आज नेऊ नकोस, हा माल खराब झालाय, बाईंना सांग. खोका फेकून दिला असता तर मालकांनी कारण विचारलं असतं. नोकरी गेली असती, तीही कदाचितच. मालक तसे भले माणूस होते. पण गल्लीला कळलं असतं. ज्याच्या फ्रीजमध्ये नवरीचे गजरे ठेवतात तो शंकर असा — हे कळलं असतं.

मी टोपी उचलली. डोक्यावर घातली. आणि कुप्या काढून त्याच्या फडक्यात सोडल्या.

इथे मी नेहमी स्वतःला फसवत आलो. खराब औषध दिलं, वाईट झालं, पण जोर नसलेलं औषध म्हणजे पाणीच, पाण्यानं कुणाचं काय बिघडतं? असंच म्हणत होतो मी. तुम्हीही कदाचित म्हणाल. थांबा.

दुसरा पाळाही फुकट गेला. बाईंच्या हातात इन्स्पेक्टरचा शब्द होता: औषध चांगलं आहे. मग राहिलं काय? शमशादचं शरीरच दाद देत नाही, तिला जास्त लागतं, असं त्यांनी ठरवलं. कुणीही ठरवलं असतं. तिसऱ्या पाळ्याला त्यांनी मात्रा दुप्पट केली.

आणि मी सुधारलो होतो. घाबरून का होईना. नवा खोका आला तो मी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. वस्तादांना सांगितलं, कळशी आता जमणार नाही, सरकारी भानगड आहे. त्यांनी हूं की चूं केलं नाही. खोका मधल्या जाळीवर, अगदी गारेगार. दस्तगीरला कुप्या देताना मी त्या मुद्दाम त्याच्या तळहातावर ठेवल्या. “बघ कशा बर्फासारख्या आहेत,” म्हणालो. माझी छाती फुगली होती. देवाला दिलेला शब्द पाळल्यासारखी.

म्हणजे शमशादच्या अंगात आता पहिल्यांदाच खरं औषध गेलं. आणि गेलं ते दुप्पट.

पाऊस लागला होता. शमशादचं पोट फुगायला लागलं. आधी घरात सगळे हरखले — वेडेपणा, इतक्यात कसं कळणार, पण हरखले. मग तिला उलट्या सुरू झाल्या, लघवी होईना, आडवं पडलं की श्वास पुरेना. दस्तगीरनं तिला बैलगाडीतून सडकेपर्यंत आणि तिथून ट्रकमधून आणलं. मोठ्या दवाखान्यात पोटातून पाणी काढलं. एका बाजूची बीजाची गाठ, म्हणजे अंडाशय, सुजून नारळाएवढी झाली होती आणि देठावर पिळवटली होती. फाडून काढावी लागली. दुसऱ्या बाजूचीही शाश्वती उरली नाही. आणि ही इंजेक्शनं या बाईला पुन्हा कधीही द्यायची नाहीत, असं सांगितलं गेलं. ती जगते की नाही असे काही दिवस होते. मी रोज दस्तगीरच्या बंद दुकानावरून जायचो आणि फळीवर कुणी काही खडूनं लिहिलंय का बघायचो. काय लिहिलेलं असणार होतं? कुणास ठाऊक. मी बघायचो.

ती जगली.

ती घरी गेल्यावर डॉक्टरीण बाई आमच्या दुकानात आल्या. त्या कधी येत नसत, चिठ्ठी पाठवायच्या. गिऱ्हाईक जाईपर्यंत बाजूला उभ्या राहिल्या. मग हळू म्हणाल्या, “शंकरराव, मला एकच सांगा. आधीच्या दोन वेळची औषधं चांगली होती ना? ती चांगली असतील तर मला तिचं शरीर समजलं नाही, असं मी धरून चालेन. पण ती उतरलेली असतील आणि मला कळलं असतं, तर मी पुन्हा पहिल्यापासून, थोड्यापासून सुरुवात केली असती. मी दुप्पट दिलं नसतं.”

यापेक्षा सोपं करून कुणी विचारलं असतं? त्या रागावलेल्या नव्हत्या. त्यांना फक्त स्वतःचं किती चुकलं ते मोजायचं होतं.

मी म्हणालो, “बाई, तुमच्याशी मी खोटं बोलेन का?”

बघा, हे उत्तर नव्हतं. हा प्रश्न होता. पुढे कित्येक वर्षं मी याच्यावर दिवस काढले, की मी बाईंना ‘हो’ असं म्हटलंच नाही. त्यांनी मान हलवली, “नाही, तसं नाही,” म्हणाल्या — म्हणजे माफी त्यांनी मागितली — आणि गेल्या. त्यानंतर त्यांनी ती इंजेक्शनं कुणालाच लिहून दिली नाहीत. ज्या येत त्यांना पुण्या-मुंबईला जा म्हणायच्या. किती जणी जाऊ शकल्या असतील? त्यांचा स्वतःच्या हातावरचा भरवसा गेला. आमच्या दुकानातला नवा खोका मुदत संपेपर्यंत मधल्या जाळीवर गार पडून राहिला.

गोष्ट मी त्याच गणपतीत पहिल्यांदा सांगितली. तालमीत. कुणीतरी कळशी का बंद केली म्हणून विचारलं आणि माझ्या तोंडून ‘लेबल शेजारी जोर काढतंय’ निघालं. असं मी इन्स्पेक्टरला म्हणालो नव्हतो. ते तिथे, त्या क्षणी सुचलं. सगळे हसले. मला इतकं हलकं वाटलं की मी पुढचंही रचत गेलो. दर वर्षी थोडं-थोडं. मिशी आली, ढेकर आला, दुसरा पेला त्यानंच मागितला असं झालं. टोपी मात्र मी गोष्टीतून वगळली नाही, ती खरी होती, आणि का कोण जाणे, तो अभिनय केल्याशिवाय माझी गोष्ट पुढेच सरकायची नाही. लोकांना वाटायचं, काय हुबेहूब करतो.

मला पुष्कळ सबबी माहीत आहेत. चांगलं औषधही सगळ्यांना लागू पडत नाही. जपून दिलं तरी पोट फुगल्याचे प्रकार पुढे ऐकले. पत्र्याखाली सगळंच औषध उतरलं असेल असंही नाही. या एकेका सबबीला मी आलटून-पालटून जवळ घेऊन झोपलो आहे. त्या तुम्हाला सांगितल्या त्या एवढ्याचसाठी की नंतर मी त्या लपवल्या असं होऊ नये. त्यांच्यातल्या एकीनंही मी टोपी उचलली ते बदलत नाही.

गेल्या वर्षी वस्तादांच्या नातीचं लग्न झालं. मांडव तालमीसमोरच. दस्तगीर आता स्कूटर दुरुस्त करतो, केस पांढरे झालेत. तो आला होता, शमशादवहिनी आल्या होत्या. त्यांना मी पंगतीत पाहिलं. पाहूनही खुर्ची मधोमध ओढली. का? न सांगितली असती तर कुणी विचारलं असतं, आज का नाही. एवढंच कारण. आणि मी रंगात आलो. वहिनी बायकांच्या घोळक्यात बसल्या होत्या, पदर तोंडाला लावून हसत होत्या. मिशीला तर डोळे पुसले त्यांनी.

नंतर जेवून हात धुवायला मांडवामागच्या पिंपापाशी गेलो तर त्या तिथे तांब्या घेऊन उभ्या. येईल त्याच्या हातावर पाणी घालत होत्या.

“लई हसीवलासा, शंकरभाऊ.”

“जेवलासा का, वहिनी?” जुन्या माणसांशी बोलताना माझीही भाषा गावाकडे वळते.

“जेवलो की.” तांब्या भरून घेतला त्यांनी. “एक इचारू? ती कळशी येवढी दांडगी. समदा फ्रीज भरून गेल्याला म्हंतासा. मग त्या टायमाला माझी औषदं कुठं ठेवल्याली?”

त्यांच्या आवाजात काही नव्हतं. राग नाही, संशय नाही. मीठ कुठं ठेवलंय असं विचारावं, तसं. इतक्या वर्षांत, इतक्या मांडवांत, ऐकणाऱ्यांपैकी एकट्या त्यांना हा प्रश्न पडला.

“आतच की, वहिनी,” मी म्हणालो. “मागल्या अंगाला. कोपऱ्यात.”

इन्स्पेक्टरला सांगितलं होतं, माल संपला. यांना सांगितलं, कोपऱ्यात होता. दोन खोटी एकमेकांशी जुळतसुद्धा नव्हती.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, “आसंल. म्या आपलं इचारलं,” आणि माझ्या खरकट्या हातावर पाणी घालायला लागल्या. बेतानं, धार न मोडता. मी हात पुढे धरून उभा होतो. मी बास म्हणेपर्यंत त्या घालत राहणार होत्या, हे मला दिसत होतं.

औषधं फ्रीजच्या डोक्यावर होती, वहिनी, पत्र्याखाली. एवढं एकच वाक्य होतं, आणि त्यांच्याशिवाय तिथे ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

“बास,” मी म्हणालो.